जवळ्यावरची अंडी

रत्नागिरीच्या स्टँडवर कोल्हापूरची एसटी लागली होती आणि कंडक्टर माझ्या टोपलीकडे बघून मान हलवत होता. टोपलीच्या तोंडावर आयेने जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला होता आणि त्याच्या भोकांतून तीन कोंबड्या माना बाहेर काढून सगळा स्टँड न्याहाळत होत्या. "आत नाय चालणार, टपावर टाका," कंडक्टर म्हणाला. मे महिन्याचं ऊन, आणि टपावर! आयेने पदर खोचला. मासळीबाजारात जन्म गेलेली बाई ती, तिच्याशी वाद घालणारा अजून जन्माला यायचा होता. "माज्या लेकीची पाठराखीण हाय ती. नव्या नवरीच्या पाठराखणीला टपावर बसवता काय वो?" गाडीतली माणसं हसली, मग कंडक्टरही हसला आणि टोपली माझ्या पायाशी आली.

खरं म्हणजे मला रडू यायला हवं होतं. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. पण मी घाट कधी चढले नव्हते आणि आंबा घाट चढून पलीकडे काय असतं ते बघायची मला इतकी घाई झाली होती की डोळ्यांत पाणी यायला वेळच झाला नाही. आये खिडकीशी उभी राहून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "कोंबड्यांना उपाशी ठेवू नको. नि अंडी एकटी खाऊ नको, शेजारी दे." माझ्या शेजारच्या सीटवर हे हसत होते. हे म्हणजे माझे यजमान, आमच्याच बाजूच्या वाडीतले, आयटीआय करून देशावरच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागलेले.

तुम्ही जे वाडीत राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखी पत्र्याची ट्रंक उचलून कुठे कुठे गेलात, ठाण्याला, सुरतेला, मस्कतला, तुम्हा सगळ्यांना आज मी अंड्यांविषयी लिहिते आहे. हसा खुशाल. तुमच्यापैकी कुणीतरी परक्या गावात पहिलं अंडं फोडून माझ्यासारखंच चमकलं असणार, याची मला खात्री आहे.

भाट्याच्या खाडीपलीकडची आपली वाडी आठवा. बाबा लाँचवर, आये बाजारात, आणि आमच्या कोंबड्या दिवसभर मासळीच्या मागे. कोळंबी सोलली की सालं त्यांची. बांगड्याची डोकी त्यांची. खळ्यात जवळा वाळत घातला की त्यातली बोटाच्या पेरापेक्षा लहान कोळंबी त्या आपल्याआधी टिपायच्या, आणि आपण दगड मारायचो तो कधीच लागायचा नाही. त्या अंड्यांचा बलक शिजलेल्या कुर्ली-खेकड्याच्या पाठीसारखा तांबूस असायचा. आम्हाला वाटायचं, जगातल्या सगळ्या अंड्यांचा बलक असाच असतो.

कारखान्याच्या कॉलनीत गेल्यावर महिनाभरातच मला कळलं की नसतो. आमच्या क्वार्टरला मागे छोटं परसू होतं आणि पलीकडच्या परसात आक्का राहायच्या. वयाने माझ्या आयेएवढ्या, आवाजाने दोन आयांएवढ्या. त्यांच्याही कोंबड्या होत्या, पण शाळू खाणाऱ्या. एके सकाळी भिंतीवरून मी त्यांना अंडं फोडताना पाहिलं. बलक कसला, दुधात हळदीचं बोट बुडवल्यासारखा! मला वाटलं कोंबडी आजारी आहे. आक्कांना सांगावं का, या विचारात माझी निम्मी सकाळ गेली.

सांगणार तरी कशी? महिनाभरात माझ्या दाराशी कुणी आलं नव्हतं. वाईट कुणीच नव्हतं, पण मी 'कोकणातली' होते. माझं हेल काढून बोलणं ऐकून नळावरच्या बायका गोड हसायच्या आणि आपल्या आपल्यात बोलत राहायच्या. आम्हाला उकडा भात लागतो हे कळल्यावर एकीने फार काळजीने विचारलं होतं, "रोज?" मला तेव्हा दागिना नको होता की साडी नको होती. या गावात कुणीतरी माझ्या हातचं काही खावं आणि अजून मागावं, एवढंच मला हवं होतं. आणि माझ्याकडे होतं काय, तर तीन कोंबड्या आणि आयेने बांधून दिलेला मोठी पिशवीभर जवळा. आपल्या कोंबड्या परक्या गावात हिरमुसतील म्हणून मी तो रोज भिजवून त्यांना घालत होते. अंडी अगदी घरच्यासारखी लाल येत होती. मी वाटीभर निवडली, वर रुमाल झाकला आणि आक्कांच्या दारात नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. रिकामी नव्हती, तिच्यात गुळाचा खडा होता. पण आक्का उंबऱ्यातच थांबल्या. "पोरी, राग येऊ द्यायचा न्हाई. बलक बघून वाटलं, केशर घातलंय. पर तोंडात घातलं आणि आमचं मालक ताटावरनं उठलं. माशाचा वास मारतोय गं! तुझ्या कोंबड्या काय समुद्रात पवून आल्यात काय?"

"कसला वास?" मी विचारलं. मी थट्टा करत नव्हते. मला खरोखरच कळलं नव्हतं. आक्का गेल्यावर मी एक अंडं फोडून हुंगलं, मग उकडून हुंगलं, मग खाल्लं. दुपारी हे जेवायला आल्यावर त्यांना हुंगायला लावलं. त्यांनी डोळे मिटून, अगदी मशीनचा आवाज ऐकावा तसं लक्ष देऊन हुंगलं आणि म्हणाले, "अंड्याला अंड्याचा वास येतोय." मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. जन्मभर त्या वासात वाढलेली दोन माणसं, आम्हाला तो कुठून येणार?

मला रागही आला आणि रडूही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, नाकावर माशी बसू देत नाही. पण त्या रागात एक गोष्ट डोक्यात लख्ख पडली. कोंबडी जे खाते ते अंड्यात उतरतं! इतकी साधी गोष्ट, आणि आमच्या वाडीत ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण सगळ्यांच्या कोंबड्या एकच खात होत्या. जवळ्याचा लाल रंग बलकात आला, तसा वासही आला. म्हणजे वेगळं घातलं तर वेगळं येणार.

त्या दिवशी मी जवळ्याच्या पिशवीचं तोंड शिवलं आणि कोंबड्यांना शाळू सुरू केला. आठवडाभर अंडी तशीच येत राहिली. पोटातला जुना साठा संपायला वेळ लागतो, हे मला हळूहळू समजलं. मग बलक उतरत गेला, लालाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा, आणि एक दिवस थेट आक्कांच्या अंड्यासारखा फिकट. आक्कांनी ते खाल्लं आणि म्हणाल्या, "हां, आता आमच्यासारखं झालं." त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, पण मला काही ते रुचलं नाही. त्यांच्यासारखं अंडं त्यांच्याकडे होतंच की. त्या अंड्यात मी कुठेच नव्हते.

मग मी हट्टालाच पेटले. रंग ठेवायचा आणि वास घालवायचा! तीन कोंबड्या तीन ठिकाणी कोंडल्या, काबरीला पिवळा मका, तांबडीला पाटाच्या कडेचा, गुरांना घालतात तो लसूणघास, काळीला स्वयंपाकघरातलं सगळं. रोज सकाळी बशीत अंडं फोडायचं आणि दाराच्या उजेडात नेऊन बघायचं. काय सकाळी होत्या त्या! खुराड्याकडे मी धावतच जायचे, परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारखी. मक्याचा बलक पिवळाधमक आला. घासाचा त्याहून गडद, आणि चवीला दाट. काळीने मात्र कांद्या-लसणाची सालं इतकी खाल्ली की तिच्या अंड्याला फोडणीचा वास यायला लागला. हे म्हणाले, "बरं झालं, आता नुसतं मीठ घातलं की झालं." मी त्यांना बशी फेकून मारणार होते, पण बशीत तांबडीचं अंडं होतं.

तरीही तो घरचा लाल रंग काही येईना. मक्यात घास मिसळला, घासात शेवग्याचा पाला मिसळला. पिवळं पुढे सरकत होतं, पण नारिंगीच्या अलीकडेच अडत होतं.

आणि दसरा आला. देशावर झेंडूचं काय पीक येतं म्हणून सांगू! दाराला तोरण, सायकलला हार, विळीला फूल, नळालासुद्धा हार. दोन दिवसांनी ते सुकलेलं तोरण मी काढून परसात ठेवलं आणि भांडी घासायला बसले. मागे वळून बघते तर तिन्ही कोंबड्या तोरणावर तुटून पडलेल्या. पाकळ्या ओढून ओढून खात होत्या. मी त्यांना हाकलायला उठले आणि तशीच थांबले. खा गं बायांनो, म्हटलं, खा. उरलेल्या पाकळ्या खुडून मक्याच्या भरड्यात कालवल्या आणि रोज थोड्या थोड्या घातल्या.

आठ-दहा दिवसांनी मी बशीत काबरीचं अंडं फोडलं आणि ओरडलेच. बलक असा भडक नारिंगी की बशीत उजेड पडल्यासारखा वाटला. हुंगलं, पण आता माझ्या नाकावर माझा विश्वास कुठे होता? बशी घेऊन तशीच आक्कांकडे धावले, पायांत चप्पल नाही, हात ओले. आक्कांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं. तव्यावर टाकलं, मालकांच्या ताटात वाढलं आणि आम्ही दोघी दाराआडून बघत राहिलो. मालकांनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग मान वर न करता म्हणाले, "एकच हाय व्हय?"

आक्कांनी माझा दंड असा दाबला की दिवसभर दुखत होता.

त्यानंतर माझं दार कधी नीट बंद झालं नाही. कॉलनीतल्या एका साहेबांकडे रंगीत टीव्ही आला त्याच आठवड्यात बायका माझ्याकडे बलक बघायला येत होत्या, याचा मला अजूनही गर्व आहे. दारावरची तोरणं कुणी उकिरड्यावर टाकेना, सगळी माझ्या परसात. कारखान्याचा हंगाम सुरू होताना गव्हाणीत उसाची मोळी टाकायचा समारंभ झाला, तर पाहुण्यांच्या गळ्यातले हार हे पिशवीत भरून घेऊन आले. मोठमोठ्या माणसांच्या गळ्यातले हार माझ्या काबरीने खाल्ले! पाकळ्या वाळवून डबे भरले. नळावर बायका म्हणायच्या, "हारावरची अंडी हायत का गं?" आणि मी पण 'हायत की' म्हणायला लागले होते.

पुढच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा माहेरी आले, ती गव्हाच्या भुशात अंडी रचून. पूर्ण घाटभर टोपली मांडीवर. आयेला माझ्या हातचं काहीतरी दाखवायचं होतं. तिने एक उकडलं, दोऱ्याने मधोमध कापलं आणि खूष होऊन बाबांना हाक मारली, "बगा तरी रंग!" मग तोंडात घातलं. खूप वेळ चावत राहिली. "दिसाया बरं हाय," ती म्हणाली. दुसऱ्याची मासळी शिळी असली तर ती हेच म्हणायची. "पण बाय, ह्याला चव नाय गो. कोंबडी काय खाते तुजी?"

"फुलं," मी म्हणाले.

"फुलं!" बाबा हसून हसून ओटीवरून पडायचे राहिले. आये मात्र चुलीकडे गेली आणि स्वतःच्या कोंबडीचं अंडं उकडून, सोलून माझ्या हातावर ठेवलं. तोच तांबूस बलक. मी वर्षभर ज्याच्यासाठी झुरले होते तो. मी तोंडाजवळ नेलं, आणि मला वास आला.

पहिल्यांदा आला. खळ्याचा, खाडीचा, उन्हात तापलेल्या जवळ्याचा, अगदी स्पष्ट, आक्कांनी सांगितला होता तसाच. माझा हात तिथेच थांबला. आपल्याच घराचा वास आपल्याला यायला लागला म्हणजे आपण पाहुणी झालो, दुसरं काय? आये माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यापासून मी कधी काही लपवू शकले नाही.

"वास येतो तुला," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मी तरी. पण तिने मिठाचा डबा माझ्याकडे सरकवला. "मग मीठ जास्त लाव नि खा." आणि शिंक्यावरून जवळ्याची चटणी काढून ती माझ्या फुलांच्या अंड्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर भुरभुरली. एक घास घेतला आणि म्हणाली, "आता लागतंय बग."

आम्ही दोघी चुलीपाशी बसून तशीच सगळी अंडी संपवली. तिची मी मीठ लावून, माझी ती चटणी लावून. आता कुणी विचारलं की तुझं घर नक्की कुठलं, तर मला ते दोन्हीकडचं सांगावं लागतं, आणि सांगताना माझी जरासुद्धा पंचाईत होत नाही. जिथे माझ्या हातचं अजून मागतात ते माझं घर, आणि जिथे ते न आवडूनही संपवतात तेही.