खाऱ्या टाकीची वाळू

सोमवारी लॅबचं कुलूप काढलं तेव्हा समुद्रफूल विरघळायला लागलं होतं. समुद्रफूल म्हणजे सी अ‍ॅनिमोन. दिसतं फुलासारखं, पण असतो तो प्राणी. रत्नागिरीहून आणलं तेव्हा ते छान उमललं होतं. आता टाकीच्या तळाशी नुसता बुळबुळीत गोळा होता. शंखात राहणारे खेकडे शंख सोडून बाहेर पडले होते. हा खेकडा आपला शंख सहसा सोडत नाही, सोडला की समजायचं, काही खरं नाही. मासे मात्र मजेत पोहत होते.

मी स्टूल ओढून बसून राहिले. आंबा घाटातल्या एस.टी.नं आंबलेलं अंग अजून ठणकत होतं.

सत्तरच्या दशकात सांगलीच्या एका कॉलेजात मी झूऑलॉजी शिकवत होते. आमच्याकडे या विषयाचं स्पेशल नव्हतं, म्हणजे तो मुख्य विषय घेऊन पदवी करता येत नसे. शेवटच्या वर्षाला पोरांना कोल्हापूर नाहीतर पुणं गाठावं लागे. माण, खटावकडून आलेली बरीच मुलं तिथेच शिक्षण सोडत. मुली तर हमखास. स्पेशलच्या मंजुरीसाठी विद्यापीठाची कमिटी येणार होती. तिला दाखवायला समुद्रातले जिवंत प्राणी हवेत, ही प्राचार्यांची कल्पना. करायचं मी.

प्राचार्य डोकावले. "काय झालं, बाई?"

"मेले सर."

"मासे तर आहेत की."

"मासेच आहेत."

"मग झालं. कमिटीला मासे दाखवू."

मासे तर कृष्णेतही होते. स्पेशलच्या अभ्यासक्रमात अर्धे प्राणी बिनहाडाचे, तेच नेमके मेले होते. कॅनमधून आणलेलं समुद्राचं पाणी थोडं शिल्लक होतं. मी टाकीतलं निम्मं पाणी बदललं. उरलेले खेकडे दोन दिवसांत गेलेच. दगडाला चिकटलेला प्रवाळाचा तुकडा पांढराफटक पडला.

लोकांना वाटतं, टाकीतली वाळू शोभेला असते. खाऱ्या टाकीत तसं नसतं. वाळूखाली भोकांची प्लेट असते आणि हवेच्या पंपामुळे पाणी वाळूतून सतत खाली ओढलं जातं. म्हणजे वाळू हीच गाळणी. दाणा फार बारीक असेल तर वाळू घट्ट बसते आणि खालून सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार जाड असेल तर खाणं फटीत अडकून कुजतं. ज्वारीच्या कण्यांएवढा दाणा बरा. कडा टोकदार नकोत, तळाशी फिरणाऱ्यांची अंगं सोलवटतात.

शिवाय वाळू शिंपल्यांची हवी. प्राण्यांच्या घाणीनं टाकीचं पाणी हळूहळू आंबट होत जातं, शिंपल्यातला चुना ते सावरून धरतो. ओळखायची रीत सोपी आहे. चिमूटभर वाळूवर अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा. फसफसली तर चुन्याची. कृष्णेची वाळू काळ्या दगडाची, ती ढिम्म राहते. रत्नागिरीकडची चकचकीत काळी वाळू दिसायला सुरेख, पण लोहचुंबकाला चिकटते. धातू असलेली वाळू टाकीत घालायचा धोका मी घेत नाही.

हे सगळं बघूनच खाडीच्या तोंडाशी मिळणारी पांढरी वाळू मी पोत्यांतून आणली होती. मग बिघडलं कुठे?

बिनहाडाचे मरतात आणि मासे जगतात, याला एक कारण मला माहीत होतं. तांबं. मासा थोडं तांबं सोसतो, या प्राण्यांना ते विषच. मी केमिस्ट्रीच्या लॅबमधून अमोनिया मागून आणला. तांबं असलं की त्यानं पाणी निळं होतं. टाकीतली मूठभर वाळू अ‍ॅसिडमध्ये विरघळवली, गाळली, वर अमोनिया ओतला. पाणी निळं झालं. फिकट, पण निळंच. मग वर्गात दाखवायला धुण्याआधीच बरणीत बाजूला ठेवलेली वाळू घेतली. तीही त्याच पोत्यांतली. तिचं पाणी निळं झालं नाही.

म्हणजे वाळू आणली तेव्हा चांगली होती. मधल्या काळात ती फक्त धुतली गेली होती.

दुष्काळानंतरचे ते दिवस. कॉलेजच्या नळाला पाणी यायचं तेव्हा यायचं. मी प्राणी आणायला गेले असताना प्राचार्यांनी पोती आबांकडे पाठवली होती. आबा आमच्या संस्थेचे संचालक. तासगावकडे त्यांचा द्राक्षाचा मळा, आणि विहिरीला पाणी होतं. धुऊन देतो, असं तेच आपण होऊन म्हणाले होते. मी दुपारच्या गाडीनं तिकडे गेले.

आबांनी स्वतः हौद दाखवला. "हितंच धुतली बगा. चार पाण्यानं. एक कचरा ठेवला न्हाई."

हौदाच्या काठाला हिरवट-निळं पुट बसलं होतं.

"आबा, यात मोरचूद कालवता का?"

"व्हय की. फवारणीला मोरचूद आन् चुना लागतोच. पर हौद घासून घेतला हुता."

मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. द्राक्षावर बुरशी पडू नये म्हणून मारतात. घासून तो हौदातून जात नाही आणि वाळूत शिरला की वाळूतूनही जात नाही. शिंपल्याचा चुना तांबं धरून ठेवतो आणि सावकाश पाण्यात सोडत राहतो. म्हणूनच पाणी बदलूनही उपयोग झाला नव्हता. हे मी त्यांना शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. सौम्यपणे सांगायलाही त्या दिवशी त्राण नव्हतं.

आबा काठावर बसले.

"म्हंजी माझ्या हौदानं मेली ती."

"तुम्हाला कसं कळणार, आबा."

"ते न्हाई इचारलं. मेली का?"

"हो."

"मग आता?"

"वाळू सगळी टाकून द्यायची. नवी आणायची."

प्राचार्यांना हे पटलं नाही. "आता कुठे रत्नागिरी? कृष्णेची घाला. कमिटीतल्या कोणाला कळणार आहे?"

"प्राण्यांना कळेल, सर."

ते चिडले. मंजुरी गेली तर जबाबदारी माझी, असं म्हणाले. मी बरं म्हटलं. वाद घालण्यापेक्षा घाट उतरणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची जीप दारात उभी. मागे त्यांच्या पत्नी, आक्का. "तुमी एकल्या बाईमाणूस, म्हनून हिला घेतलं," आबा म्हणाले. आक्का म्हणाल्या, "आवं, मलाबी समुद्र बगायचाच हुता."

खाडीवर आबांनी पोती भरली, आक्कांनी घरून आणलेल्या चाळणीनं वाळू चाळली. मी मूठमूठ तपासत होते. यावेळी वाळू तिथेच समुद्राच्या पाण्यात धुतली, नव्या पोत्यांत भरली आणि पोती कॉलेजपर्यंत कुठेही उतरवली नाहीत. परतताना घाटात आक्कांना मी विचारलं, कसा वाटला समुद्र. म्हणाल्या, "लय पानी हाय. पर कुनाच्या कामाचं न्हाई."

टाकी अ‍ॅसिडच्या पाण्यानं घासली, प्लेट नवी बसवली. त्याच खेपेत आणलेलं समुद्राचं पाणी भरलं आणि बरोबर आणलेले प्राणी थोडेच सोडले. नव्या वाळूवर एकदम भार टाकला तर ती गाळणीचं काम नीट करत नाही. एक समुद्रफूल, थोडे खेकडे. पहिले काही दिवस मी सारखी टाकीशी जात होते. खेकडे शंखातच राहिले.

कमिटी आली. तिच्यातल्या एका प्राध्यापकांनी टाकीत वाकून बघितलं आणि विचारलं, "वाळू कुठली?"

प्राचार्य म्हणाले, "रत्नागिरीची."

मागून आबा म्हणाले, "आदीचीबी तिकडचीच हुती. ती माझ्या मोरचुदाच्या हौदात धुतली, तवा समदी मेली. ह्या बाईंनी हुडकून काढलं."

प्राचार्यांनी डोळे मिटले. प्राध्यापकांनी माझ्याकडे वळून विचारलं, कसं शोधलंत. मी अमोनियाचं सांगितलं. आधीची वाळू मी टाकून दिली होती, पण एक परीक्षानळी भरून ठेवली होती. तिच्यातली वाळू घेऊन तीच चाचणी त्यांच्यासमोर करून दाखवली. मग बराच वेळ त्यावरच बोलणं झालं. ग्रंथालय बघायचं राहून गेलं.

मंजुरी आली, लॅबला स्वतंत्र पाण्याची सोय करावी या अटीवर. पहिल्या बॅचला दहिवडी आणि वडूजच्या, म्हणजे माण-खटावच्याच, मुली होत्या. टाकी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालली. मग वीज जायला लागली, पंप बंद पडू लागला, आणि मी ती रिकामी केली. पुन्हा भरायचा उत्साह कोणालाच नव्हता, मलाही नाही.

वाळू कुठली, हे सगळेच विचारतात. वाटेत ती कुठे थांबली, हेही विचारावं. उत्तर मिळालं तरी मूठभर वाळू अ‍ॅसिडमध्ये घालून, वर अमोनिया ओतून बघावी.