कोठ्यांवरची खाट

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला करायचं ठरलं, तेव्हा मी पहिल्यांदा झोपायची खोली मोजली. दहा फूट बाय नऊ. त्यात लाकडी खाट, शिलाई मशीन, ट्रंक आणि वर्षाच्या ज्वारी-गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या. आईला गादी टाकायला सहा फूट बाय अडीच जागा हवी. उरत होती चार बाय दोन. आई काष्टीजवळच्या आमच्या गावाहून यायची ती दोन दिवसांत परत जायची. "तुमालाच जागा पुरंना, त्यात माझी अडगळ," म्हणायची. या वेळी तिला महिनाभर ठेवून घ्यायचंच होतं.

उपाय सोपा होता. खाटेखालची मोकळी उंची सोळा इंच, कोठीची साडेसत्तावीस. तीन इंची विटांचे चार थर म्हणजे बारा. सोळा नि बारा अठ्ठावीस. अर्धा इंच शिल्लक. प्रत्येक पायाखाली थराला दोन, अशा बत्तीस विटा शेजारच्या बांधकामावरून मागून आणल्या. कोठ्या भिंतीशी सरकवल्या आणि शेजाऱ्याला हाताशी घेऊन खाट त्यांच्यावरून विटांवर बसवली. बरोब्बर बसली. मी बायकोकडे पाहिलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "आता दळणाला ज्वारी काढून द्या."

कोठीचं झाकण वर उचलून काढावं लागतं. त्याची कड चांगली चार बोटं खाली उतरलेली असते. माझ्याकडे अर्धा इंच होता.

"अहो, दर चौथ्या दिवशी शेजाऱ्यांना खाट उचलायला बोलवायचं का?"

मी आणखी दोन थरांचा हिशेब मांडू लागलो. तोवर तिनं गादी गुंडाळली, पायथ्याच्या दोन फळ्या उचलल्या, झाकण काढलं आणि वरूनच टोपलं भरून घेतलं. फळ्या सुट्या होत्या. लग्नापासून मी त्यांच्यावर झोपत होतो.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, आजींनी खाली वाकायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही. म्हणजे मी इंच इंच करून काढलेली जमीन आईच्या कामाची नव्हती.

घरी आल्यावर आईनं एका डोळ्यानं खाट न्याहाळली. "आरं, ही खाट हाय का ज्वारीतला माळा? पाखरं हाकाया गोफण तेवढी दे हातात."

ट्रंकेची पायरी करून आम्ही दोघांनी तिला धरून वर चढवलं. खालची जागा आम्हा नवराबायकोच्या वाट्याला आली. अडीच फुटांत दोघं, म्हणजे माणशी सव्वा फूट. दळणाच्या दिवशी आई उशाकडे सरकून बसायची आणि बायको फळ्या काढू लागली की वरून हुकूम सोडायची, "वरवरची घिऊ नगं, खालनं हलवून घे."

तिसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "आई, इथं अडचण नाही ना होत?"

"हुती की. पर जावं म्हणलं तर उतरू कशी? खाली तुमी दोघं आडवं पडल्यालं. आता टाकं काढंपतूर ऱ्हाते." मग सुनेकडे वळून म्हणाली, "तेवढं ह्याला आनखी इटा आनू दिऊ नगं."