नोलीनचा म्हातारा

नोलीन बापाला घेऊन आमच्या गावात राहायला आली तेव्हा पहिली चेष्टा मीच केली. म्हटलं, आमची पोरं म्हाताऱ्यांना इथं टाकून ऑकलंडला पळतात, आणि ही बया म्हाताऱ्याला तिकडून उचलून इथं घेऊन येते. विमान उलटं आलं की काय? सगळे हसले. मीही हसले, पण आतून मला झोंबलं होतं. माझी दोन्ही मुलं तिकडं, आणि गुडघ्याला मलम चोळायचं तर फिसाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हाक मारावी लागते.

पॅसिफिक महासागरातलं आमचं नीउए बेट ते केवढं, आणि त्यातली अर्धी घरं कुलूपबंद. आमच्या शेजारचं माझ्या चुलतभावाचं घर सात वर्षं बंद होतं, ते तिनं भाड्यानं घेतलं. किल्ली माझ्याकडंच होती. मी झाडलोट करून दिली, माळ्यावरचे उंदीर फिसानं काढले. नोलीन चौपन्न वर्षांची, बिनलग्नाची, हाडकुळी, नाकावर सदा ऊन लागून लाल झालेली. अलोफीच्या, म्हणजे आमच्या राजधानीच्या, दवाखान्यात पोरांचे दात बघायचं काम तिला तीन वर्षांसाठी मिळालं होतं. बाप युअर्ट, वय ब्याऐंशी. न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली त्यानं. बायको गेली आणि त्याच्या डोक्यातलं एकेक निसटायला लागलं.

पहिल्याच आठवड्यात, चादरी वाळत घालताना, तिनं मला एक गोष्ट सांगितली. मन मोकळं करणारी बाई नव्हती ती. तेवढं एकदाच बोलली.

"दोन महिने मी त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं. रोज वेगळा माणूस अंघोळ घालायचा. त्यांनी जेवण सोडलं, तालिता. मी शब्द दिलाय, परत तिथं नेणार नाही म्हणून."

पण दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला आधीच बजावलं होतं, इथं असल्या माणसांना ठेवायची सोय नाही. सांभाळणं जमेना झालं तर म्हाताऱ्याला परत पाठवावं लागेल. म्हणजे काय, तर तो घरात नीट राहिला तर दोघं इथं राहणार, नाहीतर परत तोच वृद्धाश्रम. हे मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं, हे आधीच सांगून ठेवते.

म्हातारा मात्र गोड होता. उठला की टोपी घालून रस्त्यावर यायचा आणि भेटेल त्याला विचारायचा, मेंढ्या आत घेतल्या का? आमच्या बेटावर औषधालासुद्धा मेंढी नाही. पण लोक म्हणायचे, घेतल्या बाबा, सगळ्या घेतल्या, आणि हाताला धरून त्याला घरी आणून सोडायचे. पोस्टातला तोगिया तर सांगायचा, आज दोन जास्तच भरल्या. त्याचं नावच मेंढीबाबा पडलं. नोलीनला ते खटकायचं. ती म्हणायची, "बाबा, इथं मेंढ्या नाहीत. आपण नीउएला आहोत." मग त्याचा चेहरा असा पडायचा की बघवायचं नाही.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्याकडं शेजारणीनं ताट पाठवलं तर ते खायचं आणि गप्प बसायचं. महिना जाऊ दे, दोन जाऊ देत. कधीतरी तिच्या घरी लग्न निघेल, कुणी आजारी पडेल, तेव्हा आपण उभं राहायचं. तोवर ते मनात राहू द्यायचं, त्यातच नातं असतं. लगेच परत केलं की त्याचा अर्थ, तुझं माझं काही नाही, जा तू तुझ्या घरी. हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. नोलीनला कळत नव्हतं. मी दुपारी नारळाच्या दुधात भाजलेले तारोचे कंद पाठवले की संध्याकाळी ताट घासूनपुसून परत, आणि वर बिस्किटांचा पुडा. तोगियानं म्हाताऱ्याला घरी आणून सोडलं की दुसऱ्या दिवशी तोगियाच्या दारात चीजचा डबा. दाराबाहेरच उभी राहून, हसून, आभार मानून ती निघूनही जायची. कुणाचे उपकार म्हणून अंगावर राहू द्यायचे नाहीत.

गाव हळूहळू गार पडलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण ताटं जायची बंद झाली. फिसा मला म्हणाला, अगं, तिला समजावून सांग की, तिला काय स्वप्न पडणार आहे? मी म्हटलं, मी कशाला सांगू, एवढी शिकलेली बाई, डोळे नाहीत का तिला? खरं तर मला सांगायचंच नव्हतं. मला राग धरायचा होता, आणि तिच्यावर धरायला सोपा होता. पोरांवर धरून काय उपयोग, ती ऐकायला इथं आहेत कुठं?

मग ते कापड आलं. म्हाताऱ्याला ताप होता, तिला दवाखान्यात जाणं भाग होतं, तर दिवसभर मी त्याच्याजवळ बसले. पेज भरवली, कपडे बदलले. तो माझा हात धरून मला आपली बायको समजून काहीबाही बोलत होता. संध्याकाळी ती आली, आणि तासाभरात माझ्या दारात गुलाबी कापडाची घडी घेऊन हजर. मी काय मोलकरीण होते? घडी घेतली, हसले, दार लावलं, आणि कापड फिसाला सायकल पुसायला टाकलं. त्यानंतर मी त्या घरी गेले नाही.

जुलैत ती चर्चच्या बाहेर माझ्यासाठी थांबली. फाटकाला कडी बसवली होती तिनं, दुपारी जेवायच्या सुट्टीत स्कूटरवरून घरी यायची, पण सकाळचे चार तास राहायचेच. मागणं तिला जमत नव्हतं. नखं खुडत उभी राहिली.

"तुम्ही ओट्यावरच असता, तालिता. तुमचं लक्ष असतं ना बाबांकडं?"

"असतं," मी म्हटलं.

तिनं माझा हात दाबला. एवढ्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा तरी मला तिची दया यायला हवी होती. थोडी आलीही. पण मंगळवारी बघते तर ओट्यावर जॅमची बाटली, वर आभाराची चिठ्ठी. माझी दया तिथंच आटली.

ऑगस्टमधला बुधवार होता. दर्या खवळलेला, घरात बसून त्याचा आवाज ऐकू येत होता. मी ओट्यावर चटई विणत होते. दहाच्या सुमाराला म्हातारा बाहेर आला, टोपी डोक्यावर, पायांत नुसते मोजे. फाटकाची कडी त्यानं शांतपणे काढली. ज्यानं जन्मभर मेंढवाड्याची फाटकं उघडली त्याला ती कडी काय अडवणार? माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"एक मेंढी खाली उतरलीय," तो म्हणाला. "ओरडतेय. ऐकलंत?"

रस्त्यापलीकडं खडकातून दर्यावर उतरणारी वाट आहे. मला फक्त उठून त्याचा हात धरायचा होता. त्याच्या घरापर्यंत दहा पावलं. आणि माझ्या मनात काय यावं? की आता याला घरी नेऊन बसवलं तर संध्याकाळी परत एक बाटली. नको. आज तिला दारोदार हिंडून विचारू दे. गावाची गरज लागते म्हणजे काय ते तिला एकदा कळू दे. तो वाट उतरणार नाही, गुडघ्यांत जीव कुठं आहे त्याच्या, वरच्या झाडाखाली बसेल, असंही मी स्वतःला सांगितलं.

"जा," मी म्हटलं, "बघून या."

तो खूश झाला. टोपीला हात लावून मला मान दिला आणि गेला. मी चटईवर मान घातली. अर्धा तास, तास. मध्ये एकदा उठावंसं वाटलं, तर म्हटलं, ही ओळ संपवून.

बाराला नोलीन आली. तिच्या हाका मी ऐकल्या. जशा हव्या होत्या तशाच दारोदार. अख्खं गाव धावलं, मीही धावले. फिसालाच तो सापडला, वाटेच्या शेवटी, खडकातल्या डबक्यात.

त्याला पुरलं आमच्या जागेत, आमच्या घराच्या बाजूला, फिसाच्या आईजवळ. तिची इथं जमीन कुठली? फिसानं कुणाला विचारलंही नाही, पहार घेऊन सरळ खणायला लागला. चार दिवस गावानं तिला जेवू घातलं, बायका तिच्याजवळ झोपल्या. तिनं काही परत केलं नाही. तेवढं बळच नव्हतं तिच्यात. आणि बायका म्हणाल्या, आता कशी आपली झाली. हे ऐकून मी मागच्या दारी जाऊन ताटं घासत बसले.

पाचव्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. चटई तशीच अर्धी पडली होती.

"कडी मी नीट लावली नव्हती," ती म्हणाली. "घाईत होते. नुसती अडकवली असणार. तुम्हाला ते दिसले नाहीत ना, तालिता?"

फिसा आत उभा होता. मला त्याचे पाय दिसत होते. त्या सकाळी मी ओट्यावर होते हे त्याला ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी आत होते. चुलीपाशी."

"तेच," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं असतं तर जाऊच दिलं नसतं. मीच घात केला माझ्या बापाचा."

तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. फिसा आतून निघून गेला, आणि ते दहा वाजताचं त्यानं आजतागायत कधी काढलं नाही.

ती शुक्रवारच्या विमानानं गेली. तीन वर्षांतली दीड उरली होती, पण तिला राहवेना. दर ऑगस्टमध्ये तिचा फोन येतो. थडग्यावरचं गवत काढते म्हणून माझे आभार मानते, आणि प्रत्येक वेळी, फोन ठेवायच्या आधी, कडीचं बोलतेच. यंदा म्हणाली, रात्री उठून मी घरातली सगळी दारं तपासते, तालिता, एकटी राहते तरी. मी म्हटलं, होतं असं वयानं, झोपत जा तू.