कानवालीच्या कानात

सांवेरच्या वाटेवर एका विहिरीपाशी काळ्या दगडात कोरलेली बाई उभी आहे. फार जुनी. मान जरा कलती, डावा कान पुढे. नवरा लढाईवर गेला, त्याच्या घोड्याच्या टापा ऐकायला ही इथेच उभी राहिली आणि तशीच दगड झाली म्हणे. म्हणून तिचं नाव कानवाली, आणि तिच्या कानात सांगाल ते ती ऐकते. मी पहिलीत होते तेव्हा लोक तिच्या शेजारी म्हशी बांधायचे. मग पेपरात फोटो छापून आला आणि बघता बघता कठडा झाला, पर्यटन खात्याची पाटी लागली, रविवारी मारुती गाड्यांची रांग लागायला लागली.

मी दहावीत गेले तोवर बाबांची मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. बाबा रोज डबा घेऊन गेटवर जायचे आणि संध्याकाळी येऊन सांगायचे, "बोलणी चालू आहेत." आई त्यावर विसंबून. मामाने राजेंद्र नगरात एका कपड्याच्या दुकानात बाबांसाठी काम बघून ठेवलं होतं, तर आई त्यालाच म्हणायची, "अरे, दिवाळीनंतर उघडतेय मिल. कशाला अडकवतोस त्यांना?" मला बाबांचा भयंकर राग यायचा. शाळेत जाताना सायकलवरून मला सगळं दिसायचं. गेटला कुलूप, समोर चिटपाखरू नाही, आणि लिंबाखाली बाबा एकटेच बसलेले. पण आईला सांगायला माझीही जीभ रेटत नव्हती.

शेवटी आईनेच कानवालीकडे जायचं काढलं.

"दगड आहे तो," बाबा म्हणाले.

"मग दगडाला सांगायला काय जातंय तुमचं?"

गेलो आम्ही तिघं.

तिथला रिवाज असा, की तोंड कानाला लावून हळूच सांगायचं, दुसऱ्याला कळता कामा नये. काम झालं की येऊन नारळ फोडायचा. कठड्यापाशी एक माणूस रांग सरकवत होता, "चलो भिया, जल्दी बोलो, पीछे भी लोग हैं." आईचे नुसते ओठ हलले. मग बाबा वाकले.

बाबांची बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली. कान अर्धे गेलेले, आवाज कायमचा चढलेला. घरात त्यांनी मीठ मागितलं तर शेजारच्या काकू वाटी घेऊन यायच्या. आणि आपण हळूच बोलतो, असं त्यांना अगदी मनापासून वाटायचं.

त्यांनी हाताचा आडोसा केला आणि पार नारळवाल्यापर्यंत ऐकू गेलं, "बाई, मिल काही उघडत नाही आता. दीड वर्षापासून ठाऊक आहे मला. हिला सांगायची हिंमत होत नाही. तेवढी दे."

मागे कुणी तरी फिसकन हसलं, त्याला त्याच्या बायकोने दटावलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाबा मात्र निवांत चेहऱ्याने वळले, गुपित ठेवून आल्यासारखे.

मला वाटलं, आता आई रडणार, नाहीतर चारचौघांत भांडणार. ती सरळ समोरच्या दुकानात गेली आणि नारळ घेऊन आली.

"आत्ताच कशाला?" बाबा म्हणाले. "काम झाल्यावर फोडतात."

आई त्यांच्या कानाशी गेली आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "झालं तुमचं काम. फोडा."