विद्वान सवत

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला माझी सवत आठवते. ठाण्याला तळ्याकाठच्या चर्चमध्ये आमचे हे मुलांना धर्म शिकवायचे, आणि सणाच्या दिवशी विद्येच्या संतिणीचं चरित्रही हेच सांगायचे. राजाच्या पंडितांना वादात हरवून ख्रिस्तासाठी जीव दिलेली ती कुमारी. भातकापणी उरकली की हे रोज दिवेलागणीला मेणबत्ती लावून तिची पोथी उघडायचे. मग आगगाडीच्या शिट्टीनंही यांची मान वर होत नसे. मला तर अक्षरही येत नव्हतं. एकदा ताट आपटून म्हटलं, “तिच्याशीच लगीन लावायचं होतं तुमी.” हे पोथीतूनच म्हणाले, “अगं, तिनं राजाला नाय म्हटलं, मला कुठली हो म्हणते?” त्या वर्षी सणाला मी फुगून शेवटच्या बाकावर बसले. हे सांगत होते, “भर दरबारात तिनं पदर कमरेला खोचला, डावी भुवई चढवली, आणि पंडितांना म्हणाली, आता माझं ऐका.” भांडताना मी कशी उभी राहते ते सगळ्या आळीला ठाऊक, बायका वळून माझ्याकडेच बघायला लागल्या. आता हे नाहीत. नवे मास्तर छापील पुस्तकातून वाचतात. त्यांची संतीण हात जोडून उभी असते, आणि मला तिचा जराही मत्सर वाटत नाही.