बसूअप्पांचा निळा रंग

"मॅडम, माझा निळा रंग परत द्या."

फोनवर बसूअप्पा होते. धाराशिवच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. त्या लॅबचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. म्हणजे मी अ‍ॅडमिन, किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे.

आदल्याच दिवशी मी सगळ्यांच्या सेटिंग्ज लॉक केल्या होत्या. तोवर प्रत्येकजण आपापला स्क्रीन हवा तसा मांडायचा. एकीनं वयाचा कॉलमच लपवला आणि एकाच नावाच्या दोघींच्या रिपोर्टची अदलाबदल होता होता टळली. लॅबचे डॉक्टर भडकले. "सगळ्यांचा स्क्रीन सारखा करा. कुणी काही बदलायचं नाही." मला आनंदच झाला. माझे निम्मे फोन 'मॅडम, बटण हरवलं' असेच असतात.

"अप्पा, लग्नाचा शालू निवडताय का?" मी म्हणाले.

"हसा. पण निळा द्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी डॉक्टरांचाच फोन. ईट गावच्या एका बाळंतिणीच्या रक्ताचा तातडीचा नमुना अप्पांच्या टेबलावर तसाच पडून होता. दवाखान्यातून विचारणा झाली तेव्हा कळलं. मग धावपळ करून तपासणी झाली, रिपोर्ट फोनवर कळवला, बाई सावरली. पण डॉक्टर खवळलेलेच. "अप्पांची नजर गेली आता. उद्यापासून त्यांना टेबलावरून काढतो. तुम्ही येऊन सॉफ्टवेअर तेवढं बघून जा."

मी गेले. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. तातडीच्या नमुन्याची ओळ लाल, बाकीच्या हिरव्या.

"अप्पा, एवढी लाल ओळ दिसली नाही? दाखवा बरं, कुठं आहे?"

अप्पांनी बोट ठेवलं. हिरव्या ओळीवर.

अप्पा उठले, दार लोटून आले. "लाल न् हिरवं मला एकच दिसतंय, मॅडम. लहानपणापासनं. पिकल्या मिरच्या तोडायला मला कधी कुणी रानात न्हेलं न्हाय. निळं मातर साफ दिसतंय. म्हणून म्या तातडीला निळा लावला हुता. एक नमुना सुटला न्हाय आजवर."

सकाळचा शालू आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग फोनवर सांगायचं नाही का?"

"सांगितलं तर टेबल जाईल की."

"ते न सांगताही चाललंयच."

अप्पा हसले. मग स्वतःच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. डॉक्टर माझ्याकडं वळले. "काढा ते लॉक."

"सगळं नको," मी म्हणाले. नाव, वय, कॉलम यांचं कुलूप तसंच ठेवलं. रंग मोकळे केले. शिवाय तातडीच्या ओळीपुढं 'तातडी' हा जाड शब्द घातला, सगळ्यांच्याच स्क्रीनवर. तो कुणालाच काढता येत नाही. डॉक्टरांनी खोट्या नोंदी टाकून अप्पांची परीक्षा घेतली. अप्पांनी तातडीची एकही सोडली नाही. "बसा टेबलावर," डॉक्टर म्हणाले.

अप्पा अजून तिथंच आहेत. कॉलम लपवणारीनं रंग मोकळे होताच आपला स्क्रीन गुलाबी करून घेतला. करू दे. मी मात्र आता कुठलीही सेटिंग लॉक करण्याआधी फोन करून विचारते, हे का बदललंय? बहुतेकजण सांगतात, "चुकून दाबलं गेलं." तरी विचारते. एखादे अप्पा असतात.