तीन वर्षांचा दाखला

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांचे. मी घरातला पहिला इंजिनिअर, पण मशीनला हात लावायला शिकवलं त्यांनी. लेथवर कातलेला प्रत्येक जॉब, म्हणजे यंत्राचा सुटा भाग, ते तीनदा मोजत. केसाएवढा फरक निघाला तरी भंगारात टाकत आणि ओरडत, "गिऱ्हाइकाला फसवायचं हाय व्हय रं?"

जर्मनीत जाऊन नोकरी शोधायच्या व्हिसासाठी मला अनुभवाचा दाखला हवा होता. त्यांच्याकडे मी आठच महिने काम केलं होतं. तेवढ्यावर व्हिसा मिळणार नाही, असं एजंट म्हणाला. मी दाखल्यावर तीन वर्षं टाईप करून नेली.

काकांनी तो सावकाश वाचला. कापडाच्या बोळ्यानं हात पुसले, सही केली, शिक्का मारला. "एवढ्यानं तुझं काम व्हतंय न्हवं?" एवढंच विचारलं. मग हातातला जॉब न मोजताच तयार मालाच्या पेटीत टाकला.

त्यानंतर त्यांच्यासमोर जायचं मला धैर्य झालं नाही. काल चिठ्ठी पाठवली:

"काका, तो दाखला मी अर्जाला जोडला नाही, फाडला. आठ महिन्यांचा खरा दाखला द्याल का? व्हिसा नाही मिळाला तरी चालेल. त्या दिवशीचा जॉब मात्र पेटीतून काढून मोजून घ्या."